तीन गुणिले चोवीस

गेल्या वर्षी इंदूरला आमच्या गच्चीवर ३ किलोवॉटची सौर पॅनेलं बसली. नेट मीटर, म्हणजे बाहेरून घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज मोजणारं मीटर, लागलं त्याच संध्याकाळी आत्यानं वही काढली. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. इन्व्हर्टरवरचा आकडा रोज लिहायचा म्हणजे लिहायचाच. आठवडाभरानं मला हाक आली. "अरे, तीन गुणिले चोवीस म्हणजे बहात्तर. इथे रोजचे बारा, फार तर तेरा युनिट पडताहेत. बाकीचे साठ गेले कुठे?"

आत्याला मी नळाचं उदाहरण दिलं. किलोवॉट म्हणजे तोटी केवढी, आणि युनिट म्हणजे दिवसाअखेर टाकीत किती पाणी पडलं. तोटी तीनचीच आहे, पण ती पूर्ण उघडी असते दुपारी तासभर. सकाळी आठला तिरपं ऊन, संध्याकाळी पाचला तसंच, आणि रात्री पूर्ण बंद. वर्षभराची सरासरी काढली तर आमच्या गच्चीची ३ किलोवॉट क्षमता जेमतेम एक षष्ठांश वापरात येते. मोठ्या सौर प्रकल्पांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असतं. कोळशाचं केंद्र मात्र आपल्या क्षमतेच्या दोन तृतीयांशाइतकी वीज वर्षभर देतं, कारण त्याला रात्र होत नाही.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. मार्चमध्ये चौदा-चौदा युनिट पडत होते आणि मे महिन्यात, ऊन आग ओकत असताना, ते कमी झाले. मी दुपारी गच्चीवर जाऊन पॅनेलला हात लावला आणि चटका बसून लगेच काढला. पॅनेलवर लिहिलेली क्षमता सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. सिलिकॉन तापलं की त्याचा व्होल्टेज उतरतो. दर अंशामागे वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. पॅनेल ६५ अंशांवर गेलं की १२ ते १६ टक्के वीज नुसत्या तापण्यात गेली. सौर विजेला हवा उजेड, उष्णता नव्हे. माळव्यातला फेब्रुवारी-मार्च, निरभ्र आभाळ आणि गार वारा, हा तिचा खरा हंगाम.

हे एकदा लक्षात आलं की देशाची वाढ वाचण्याची नजर बदलते. मार्च २०१४ मध्ये भारताची सौर क्षमता २,८०० मेगावॉटच्या आसपास होती. मार्च २०२५ मध्ये ती १ लाख ५ हजारांवर गेली. पवनऊर्जा याच काळात २१ हजारांवरून ५० हजार मेगावॉटवर आली. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू, डिझेल न जाळणारी झाली. हे उद्दिष्ट २०३० साठी ठेवलेलं होतं, ते पाच वर्षं आधी गाठलं. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. पण त्या बातमीत 'निम्मी वीज' असं ज्यांनी वाचलं, त्यांचं आत्यासारखंच झालं. मोठी धरणं धरून नवीकरणीय स्रोतांतून २०१४-१५ मध्ये सुमारे १९१ अब्ज युनिट तयार झाले, २०२४-२५ मध्ये ४०३ अब्ज. दहा वर्षांत दुप्पट. एवढं होऊनही देशात तयार झालेल्या एकूण विजेतला हा वाटा साधारण २२ टक्के, अणुवीज मिळवली तर पाव. क्षमता निम्मी आणि वीज पाव: बाकीचे साठ इथेच जातात.

आणि निम्म्यावर आपण पहिल्यांदा आलेलो नाही. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ मध्ये पाण्यावर वीज निघाली, १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, १९६० मध्ये आपल्या चंबळेवर गांधीसागर उभं राहिलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला देशाच्या वीजक्षमतेचा जवळपास निम्मा वाटा जलविद्युतेचा होता. मग मागणी झपाट्यानं वाढली, कोळशाची केंद्रं धरणांपेक्षा लवकर उभी राहू लागली आणि पाण्याचा वाटा मागे पडत गेला.

या वेळची वाढ मुख्यतः किमतीनं घडवली. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावांत सौर विजेचा दर युनिटला ११-१२ रुपयांच्या घरात होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याच राज्यात रीवाच्या ७५० मेगावॉट प्रकल्पासाठी बोली लागली आणि पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैशांवर आला. पॅनेलं स्वस्त झाली होती हे खरंच, पण पैसे वेळेवर मिळतील याची सरकारी हमी मिळाल्यानं कर्जही स्वस्त पडलं. त्या रीवाच्या विजेचा काही भाग दिल्लीच्या मेट्रोला जातो. २०२० अखेर गुजरातच्या लिलावात दर २ रुपयांच्याही खाली गेला.

पावसाळ्यात आमची वही रोडावते. सलग झडीच्या दिवशी तीन-चार युनिट. पण याच दिवसांत देवासच्या बाजूला जामगोदरानीच्या टेकड्यांवर बघा, पवनचक्क्यांची पाती कशी फिरतात! नैऋत्य मोसमी वारा जून ते सप्टेंबर जोरात असतो आणि वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट. देशाची बरीचशी पवनवीज याच चार महिन्यांत पदरात पडते. ऊन आणि वारा एकमेकांची पाळी सांभाळतात, हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर वाटतं.

संध्याकाळी सातचं काय, हा प्रश्न मात्र सुटत नाही. सूर्य मावळतो तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, कूलर सुरू होतात. म्हणून वीज साठवायला हवी, आणि साठवणीचा एक जुना मार्ग इंदूरकरांच्या रोजच्या वापरात आहे. १९७८ पासून आपण नर्मदेचं पाणी पितो. ते नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर येतं आणि निमाडातून माळव्याच्या पठारावर चढतं. सरळ उंचीच धरली तरी ४०० मीटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतलं पाणी एवढं वर चढवायला एक युनिटहून थोडी जास्त ऊर्जा लागते, ही शाळेतल्या सूत्रानं काढता येते. पंपातली आणि नळांतल्या घर्षणाची तूट वेगळीच. म्हणून इंदूर महापालिकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी घेतलेलं कर्ज, काढले, जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी. सामान्य माणसांनीही त्यात पैसे घातले. माझ्या मते या कल्पनेतली खरी गंमत वेळेत आहे: दुपारच्या उन्हावर शक्य तितकं पाणी चढवून टाक्या भरून ठेवल्या, तर संध्याकाळी तेवढे पंप चालवावे लागत नाहीत. टाकीतलं पाणी हीच बॅटरी.

मी हे सांगितल्यावर आत्यानं 'एम जी एच', म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, कागदावर मांडून माझं उत्तर तपासलं. मग वहीत नवा रकाना आखला. पहिल्यात दिवसभरात गच्चीनं दिलेली वीज, दुसऱ्यात ऊन गेल्यावर बाहेरून घेतलेली. काल पहिल्यात १२ होते, दुसऱ्यात ६. त्या सहांच्या पुढे तिनं बारीक अक्षरात 'सिंगाजी' लिहिलंय, खंडव्याकडच्या कोळशाच्या केंद्राचं नाव.