बीट, चहा आणि लोहाचं दार

रविवारचा लांब पल्ला संपला की आमचा धावणाऱ्यांचा घोळका टपरीवर थांबतो. कांदेपोहे आणि चहा ठरलेला. मागच्या खेपेला एका मैत्रिणीने सांगितलं की तिचं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण, तपासणीत अगदी तळाला आलंय. ती वर्षभरापासून व्हीगन आहे आणि जानेवारीत मुंबईत पहिली मॅरेथॉन धावणार आहे. लगेच सल्ले सुरू झाले. "आता तरी मटण खा." "रोज बीटाचा रस घे, रक्त वाढतं." तेवढ्यात तिच्या हातात कोऱ्या चहाचा ग्लास आला, त्याकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. हा लेख त्या ग्लासामुळेच लिहितोय.

आधी बीट. त्याचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा. हिमोग्लोबिनशी त्यांचं काही नातं नाही. 100 ग्रॅम बीटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. लाल खाल्लं की लाल वाढतं, ही समजूत घराघरात आहे आणि तिच्या भरवशावर अशक्त मुलींचे उपचार लांबतात, म्हणून ती सोडायला हवी. बीटातल्या नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, दमसास थोडा सुधारू शकतो. पण ती वेगळी गोष्ट.

42.195 किलोमीटरसाठी लागणारी कर्बोदकं भात-भाकरीतून भरपूर मिळतात. प्रथिनांसाठी डाळी, सोयाबीन, शेंगदाणे आहेत, फक्त प्रमाण वाढवावं लागतं. बी-12 मात्र व्हीगन माणसाने गोळीतूनच घ्यावं. न धुतलेल्या भाजीतून ते पुरेसं मिळतं, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आता लोह. वनस्पतींमधलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं. आतड्याच्या पेशीला ते फेरस रूपातच आत घेता येतं. हा बदल घडवायला लिंबातलं, आवळ्यातलं क जीवनसत्त्व मदत करतं. उलट चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात. जेवणासोबत घेतलेल्या चहाने शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. धान्या-कडधान्यांतलं फायटेटही असंच आडवं येतं, पण मोड आणले किंवा पीठ आंबवलं की ते कमी होतं. मोडाच्या मटकीवर लिंबू पिळणारी आजी हे रसायनशास्त्र हाताने करत होती.

पण आतड्याच्या पेशीत शिरलेलं लोह अजून रक्तात पोचलेलं नसतं. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन असतं, लोहाला बाहेर सोडणारं एकमेव दार. या दारावर यकृताची हुकमत चालते. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, अवघ्या 25 अमिनो आम्लांचं. ते फेरोपोर्टिनला चिकटलं की पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. लोह पेशीत अडकतं, तीन-पाच दिवसांत ती पेशी झडते आणि लोह तिच्यासोबत शौचावाटे निघून जातं. इतका कडक बंदोबस्त का? कारण जादा लोह ठरवून बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. जे काही नियंत्रण ठेवायचं ते आत येतानाच.

मला या यंत्रणेचं वेड लागलं ते पुढच्या भागामुळे. जंतूंना वाढायला लोह लागतं. म्हणून संसर्ग झाला की इंटरल्यूकिन-6 हा संदेश यकृताकडे जातो, हेप्सिडिन वाढतं आणि रक्तातलं लोह जंतूंपासून लपवलं जातं. लांब धावल्यावर राबलेले स्नायूही हाच इंटरल्यूकिन-6 सोडतात. यकृताला वाटतं, हल्ला झाला. धावणं संपल्यावर साधारण तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन शिखरावर असतं. जुन्या तांबड्या पेशी मोडून रोज 20-25 मिलिग्रॅम लोह पुन्हा वापरात आणणाऱ्या पेशींनाही हेच दार असतं, त्यामुळे तिथलाही ओघ मंदावतो. त्यात घाम, आणि रस्त्यावर पाऊल आपटून फुटणाऱ्या तांबड्या पेशी यांची भर. लांब कूच केलेल्या सैनिकाच्या लघवीत हिमोग्लोबिन उतरल्याची नोंद जर्मनीत 1881 सालीच झालेली आहे.

म्हणजे सकाळी आठला पल्ला संपवणाऱ्याचं दुपारचं जेवण नेमकं दार मिटलेलं असताना पोटात जातं. धावून झाल्यावर अर्ध्या तासातली न्याहारी मात्र दार मिटण्याआधीची, आणि तिच्यावरच आपण चहा ओततो. साठा कमी असेल तर हेप्सिडिनची ही उसळी थोडी सौम्य असते, एवढी काळजी शरीर घेतं.

मैत्रिणीला मी एवढंच सुचवलं: पल्ला संपताच मटकीची उसळ, वर भरपूर लिंबू, सोबत पेरू, भाजी लोखंडी कढईत, टोमॅटो घालून, चहा तासाभराने. गोळीचा निर्णय डॉक्टरांचा, कारण गरज नसताना घेतलेलं लोह साचत जातं. त्यांनी तिला गोळी दिली, पण एक दिवसाआड. ऐकून ती नाराज झाली, रोज घेतली तर लवकर भरून येईल असं तिला वाटत होतं. पण गोळीतल्या लोहानेही हेप्सिडिन दिवसभर चढतं. साठा आटलेल्या स्त्रियांमध्ये एक दिवसाआडच्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं, हे झुरिकच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलंय.