हॅलोवीन : खोड्यांवरचा गोड उतारा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या अनोका गावात एक गोष्ट सांगतात. १९१९ च्या हॅलोवीनची, म्हणजे ३१ ऑक्टोबरची, रात्र सरली, लोक सकाळी उठून बघतात तर गायी भर बाजारपेठेत मोकाट, काचांना साबण फासलेला, परसातले संडास आडवे. सगळा गावातल्याच पोरांचा उद्योग. मोठ्यांनी पोरांना बडवण्याऐवजी १९२० मध्ये मिरवणूक काढली, शेकोटी पेटवली, खाऊ वाटला. अनोका आज स्वतःला जगाची हॅलोवीन राजधानी म्हणवतं.

आज दिसणारा चॉकलेटं आणि मुखवट्यांचा हॅलोवीन हा असा, हुडपणाला दिलेल्या लाचेतून वाढलेला आहे. मुळं मात्र फार जुनी आहेत.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या गेलिक लोकांचा 'साउइन' हा सण. कानाला श्रावणाचा भाऊ वाटतो, पण आहे तो हिवाळ्याच्या तोंडावरचा. उन्हाळी कुरणांतली गुरं खाली आणायची, थंडीत पोसता येणार नाहीत ती कापायची, असा तो काळ. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होई, म्हणून १ नोव्हेंबरचा सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच लागे. त्या रात्री प्राचीन टेकाडं उघडतात आणि पलीकडच्या जगातले बाहेर येतात, असं आयरिश कथा सांगतात. पण या कथा लिहून ठेवल्या ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांनी, कित्येक शतकांनंतर. त्यामुळे 'ड्रुइड पुरोहित त्या रात्री अमुक करत' असं कुणी ठामपणे सांगू लागलं, तर ते जरा बेतानंच घ्यावं.

'चर्चनं साउइनवर आपला सण बसवला' हेही असंच सरधोपट विधान. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांसाठी एक प्रार्थनास्थळ अर्पण केलं. ८३५ मध्ये फ्रँक साम्राज्यात (आजचा फ्रान्स-जर्मनीचा भाग) १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून पाळायचं ठरलं. खुद्द आयर्लंडमध्ये मात्र ८०० च्या सुमारास हा सण २० एप्रिलला होता! मग तारीख नक्की कुणी कुणाची घेतली? नावाचा उलगडा सोपा आहे : 'हॅलो' म्हणजे संत आणि 'ईन' म्हणजे आदली संध्याकाळ. संतांच्या दिवसानंतर, २ नोव्हेंबरला, मृतांचं स्मरण. वसईत आणि गोव्यात त्या दिवशी दफनभूमीत फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. तो याच साखळीतला शेवटचा दुवा.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरीब लोक दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात लहान गोड केक घेत. स्कॉटलंडमध्ये पोरं सोंगं घेऊन गाणं नाहीतर नक्कल करत, मगच खाऊ मिळे. फुकट काही नसे. दिवा असायचा सलगमचा, आत कोरून भेसूर तोंड काढलेला. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या संग्रहालयात अशा एका दिव्याची प्रतिकृती आहे; ती पाहिली की भोपळा फारच प्रेमळ वाटतो. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास आयरिश मेले आणि त्याहून जास्त देशोधडीला लागले. अमेरिकेत पोचलेल्यांना तिथला भोपळा सापडला. मोठा, कोरायला सोपा.

सोबत खोड्याही गेल्या. कुंपणाची फाटकं उचलून नेणं हा तर खास आवडता खेळ. आपल्याकडे होळीसाठी लाकडं पळवतात, तसंच, फक्त तिथे होळी नाही. शहरं वाढली तशी ही गंमत तोडफोडीवर गेली आणि अनोकासारख्या मिरवणुका जागोजागी निघू लागल्या. 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' ही धमकी १९२७ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एका बातमीत छापलेली सापडते. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं आणि खाऊ आटला. अमेरिकेत ते १९४७ मध्ये उठलं, आणि मग गोळ्या-चॉकलेटवाल्यांनी हा सण जवळजवळ ताब्यातच घेतला. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये १९७० च्या दशकात एका बाहुलीकारानं शेजारच्या मुलांसाठी काढलेली फेरी पुढे अवाढव्य बाहुल्यांची मिरवणूक झाली.

आणि सण परतला तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात. १९८० च्या दशकात, तिथला हिंसाचार अजून चालू असताना, एका पबमध्ये सोंगांची पार्टी रंगली होती. बाँबची आवई उठली, पब रिकामा करावा लागला. वेश चढवलेली मंडळी घरी न जाता रस्त्यावरच नाचत राहिली. पुढच्या वर्षांपासून नगरपालिकेनंच कार्यक्रम आखायला सुरुवात केली.