अडकलेल्या सेशनचं मूळ डायल-अपच्या काळात

वीज जाऊन आली की ब्रॉडबँडवाल्यांचा फोन खणखणतो. “नेट लागत नाही, आयडी आधीच लॉगिन आहे म्हणतंय.” घरात राउटर एकच. सर्व्हरवरच्या नोंदीत बघावं तर त्या ग्राहकाच्या ओळीत सुरुवातीची वेळ आहे, शेवटच्या वेळेचा रकाना रिकामा. सर्व्हरच्या लेखी माणूस अजून ऑनलाइन. यालाच आपण ‘सेशन अडकलं’ म्हणतो.

याचं मूळ १९९१ मध्ये आहे. अमेरिकेतल्या मिशिगनच्या मेरिट नेटवर्कला ठिकठिकाणच्या डायल-अप मोडेमसाठी एकाच जागी पासवर्ड तपासायचे होते. लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेस या कंपनीने त्यासाठी रेडियस घडवलं, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर आणि ग्राहकांना जोडणारी यंत्रं यांच्यातल्या निरोपांची ठरलेली पद्धत. पुढे त्यात हिशेबाची भर पडली: ग्राहक जोडला गेला की सेवा देणाऱ्याकडचं मोडेमचं यंत्र ‘स्टार्ट’ कळवणार, तुटला की ‘स्टॉप’. सर्व्हरला ग्राहक कधी दिसतच नाही, तो या निरोपांवर विसंबतो. पोच मिळेपर्यंत यंत्र निरोप पुन्हा पुन्हा पाठवतं खरं, पण यंत्राचीच वीज गेली तर ‘स्टॉप’ पाठवणार कोण? त्यात ‘एका आयडीवर एकच लॉगिन’ ही अट असली, की प्रामाणिक ग्राहकच दाराबाहेर राहतो.

यावर उपाय येत गेले. यंत्र पुन्हा सुरू झालं की ‘अकाउंटिंग-ऑन’ कळवतं आणि त्याची जुनी सेशन बंद करता येतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या फ्रीरेडियस या रेडियस सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेकरॅड’ ही स्क्रिप्ट आहे. दुसरं लॉगिन आलं की ती थेट यंत्रालाच विचारते, “हा माणूस खरंच आहे का?” मला हा उपाय सगळ्यात सरळ वाटतो, कारण खरं उत्तर त्या यंत्रापाशीच असतं. २००० च्या आरएफसी २८६९ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) ‘इंटरिम अपडेट’ आणलं, म्हणजे सेशन चालू असताना ठरावीक वेळाने हजेरी. दोन हजेऱ्यांमध्ये ६० सेकंदांपेक्षा कमी अंतर चालत नाही, ६०० च्या खाली जाऊ नये अशी शिफारस आहे. तीन-चार हजेऱ्या चुकल्या, तर सेशन मेलं असं धरायला आधार मिळतो. २००३ पासून सर्व्हर यंत्राला ‘डिस्कनेक्ट’ची आज्ञाही देऊ शकतो.

तरी घाईत अनेक जण ती ओळच डिलीट करतात. त्याने लॉगिन होतं, पण ग्राहकाच्या वापराचा हिशेबही पुसला जातो. आधी यंत्रावर सेशन आहे का ते पाहावं, नसेल तर शेवटच्या हजेरीची वेळ रिकाम्या रकान्यात भरून ओळ बंद करावी.