चष्म्यातला सिलिंडर आणि टॉरिक लेन्स : एक खुलासा

चष्म्यात सिलिंडर नंबर (डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्यामुळे लागणारा नंबर) असला की मोतिबिंदूच्या ऑपरेशनात महागडी टॉरिक लेन्स (सिलिंडर नंबर भरून काढणारे कृत्रिम भिंग) घालावीच लागते, हा समज नाशकात पंचवटीपासून सिडकोपर्यंत ऐकू येतो. तो चुकीचा आहे. चष्म्याचा सिलिंडर कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि डोळ्यातले नैसर्गिक भिंग या दोहोंचा मिळून असतो, आणि ते गढूळलेले भिंग तर शस्त्रक्रियेत काढूनच टाकतात. उरते ती कॉर्नियाची वक्रता. केरॅटोमीटरवर (ही वक्रता मोजणाऱ्या यंत्रावर) ती एका अक्षावर ४३ आणि त्याला काटकोनातल्या अक्षावर ४४.५ डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचे एकक) आली, तर फरक दीडचा, आणि टॉरिकचा विचार त्यावरूनच होतो. उलट, चष्म्यात सिलिंडर नसलेल्यांतही (हे सहसा कुणी सांगत नाही) असा फरक निघू शकतो. अक्षाची नोंदही तितकीच काटेकोर हवी, कारण टॉरिक लेन्स ३० अंशांनी चुकीची बसली, तर सिलिंडर जवळजवळ होता तेवढाच राहतो.