थकलेल्या मुलांवर घरबसल्या उपचार: चाचण्या काय सांगतात?

गोव्यातल्या वाळपईची दहावीतली मुलगी असो की काणकोणचा अकरावीतला मुलगा, महिनोन् महिने थकवा जात नाही आणि रक्ताचे रिपोर्ट ठीक येतात, तेव्हा घरात लोक आळसाचं नाव घेऊ लागतात. ‘मोबाईल काढून घ्या, आपोआप उठेल,’ असा सल्लाही मिळतो. पण क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजेच एमई/सीएफएस, हा खरा आजार आहे. तो दाखवणारी एकही खात्रीची रक्तचाचणी आज नाही. त्याची ठळक खूण म्हणजे श्रमानंतरची घसरण. मूल आज शाळेत जाऊन येतं, तेव्हा बरं दिसतं आणि उद्या-परवा असं आडवं होतं की कित्येक दिवस सावरत नाही.

अशा मुलाला उपचारासाठी दर आठवड्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयापर्यंत नेणं हाच मोठा श्रम. म्हणून घरबसल्या थेरपीची कल्पना मला मोलाची वाटते. नेदरलँड्समध्ये ‘फिटनेट’ नावाने ती तपासली गेली आणि 2012 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. 12 ते 18 वयाच्या 135 मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला इंटरनेटवरून विचार-वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, दिला. त्यात थेरपिस्टशी लेखी संवाद होता आणि पालकांसाठी वेगळे धडे होते. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी पूर्णवेळ शाळेत जाणारी मुलं पहिल्या गटात 75 टक्के, दुसऱ्यात 16 टक्के.

आकडा डोळे दिपवणारा आहे, पण इथे थांबून विचारायला हवं. आपल्याला कोणता उपचार मिळतोय हे मुलांना ठाऊक होतं आणि थकव्याचं मोजमाप त्यांच्याच उत्तरांवर होतं. अशा वेळी आशाही उत्तरात मिसळते. सरासरी 2.7 वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत बरं होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक उरला नव्हता. अर्थात मधल्या काळात दुसऱ्या गटातल्या मुलांनाही फिटनेट खुलं झालं होतं, त्यामुळे उपचार निरुपयोगी ठरला असंही म्हणता येत नाही.

पुढे ब्रिटनमध्ये 314 मुलांवर फिटनेटची मोठी चाचणी झाली. तिथली तुलना जास्त कसाची होती, कारण दुसऱ्या गटालाही व्हिडिओ कॉलवरून रोजच्या हालचालींचं नियोजन शिकवलं जात होतं. निष्कर्ष 2024 मध्ये आले. सहा महिन्यांनी शारीरिक क्षमतेत फिटनेटचा गट 100 पैकी सुमारे 8 गुणांनी पुढे होता. वर्षअखेरीस दुसऱ्या गटाने ते अंतर जवळपास भरून काढलं. दरम्यान 2021 साली उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने सांगितलं होतं की सीबीटी आधारासाठी द्यावी, हा आजार बरा करणारा इलाज म्हणून नव्हे.

गोव्यात अशी चाचणी झाली तर ती मराठी-कोंकणीतून व्हावी आणि किमान वर्षभर चालावी, असं मला वाटतं. पावसात वीज-नेटवर्क गेलं तर व्हिडिओ कॉल तुटतो, लेखी संदेश मात्र नंतरही वाचता येतो. हजेरी शाळेच्या वहीतून घ्यावी, हालचाल मनगटावरच्या यंत्राने मोजावी. आणि श्रमानंतरची घसरण वाढली का, हे प्रत्येक मुलाला विचारावं. ‘आणखी थोडं कर’ या आग्रहाने किती मुलं अधिक आजारी पडली, हेही निकालात छापलं जावं.