प्रोग्रॅमिंग साधनांची विकाससमाप्ती

आज्ञावल्या लिहिण्याची भाषा, कंपायलर (लिहिलेल्या आज्ञा यंत्राला कळणाऱ्या रूपात आणणारा प्रोग्रॅम), संपादक इत्यादी साधनांच्या नव्या आवृत्त्या न काढण्याचा उत्पादक कंपनीचा निर्णय. विकास थांबणे व पाठबळ (सपोर्ट) संपणे या वेगळ्या घटना होत. व्हिज्युअल फॉक्सप्रो या, माहितीच्या नोंदी ठेवणारे प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाची दहावी आवृत्ती निघणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये जाहीर केले; नवव्या आवृत्तीचे पाठबळ मात्र १३ जानेवारी २०१५ पर्यंत चालले. या साधनांत केलेले प्रोग्रॅम प्रत्यक्षात बंद पडतात ते तिसऱ्याच वेळी. मराठवाड्यातील मोंढे (धान्य-बाजारपेठा), जिनिंग कारखाने व पतसंस्था यांच्या दृष्टीने ही तिसरी वेळच महत्त्वाची ठरली.

मराठवाड्यातील हिशेबाचे जुने प्रोग्रॅम बहुधा डीबेस कुळातील, म्हणजे डीबेस, क्लिपर किंवा फॉक्सप्रो या नोंदी साठवण्याच्या व शोधण्याच्या एकाच घडणीच्या साधनांत लिहिलेले असत. या कुळाच्या उगमाविषयी वाद झाला आहे. वेन रॅटलिफ यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘व्हल्कन’ हा प्रोग्रॅम लिहिला. अ‍ॅश्टन-टेट कंपनीने तो १९८० च्या सुमारास ‘डीबेस टू’ या नावाने बाजारात आणला. तथापि त्याच्या आज्ञांची घडण अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील ‘जेपीएलडीआयएस’ या त्याआधीच्या प्रणालीवर बेतलेली होती. अ‍ॅश्टन-टेटने १९८८ मध्ये फॉक्स सॉफ्टवेअरवर दावा लावला, तेव्हा हा उगम स्वामित्वहक्काच्या अर्जात सांगितला नव्हता, या कारणावरून न्यायालयाने डिसेंबर १९९० मध्ये कंपनीचा हक्कच अमान्य केला. काही महिन्यांनी तो आदेश मागे घेण्यात आला. १९९१ मध्ये बोरलँडने अ‍ॅश्टन-टेट विकत घेतली आणि तो दावा तेथेच मिटला. रॅटलिफ यांनी भाषा निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा ती घरगुती संगणकावर आणली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. फॉक्स सॉफ्टवेअर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली.

विकास का थांबतो याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले व्यापारी : फॉक्सप्रोत केलेला प्रोग्रॅम कितीही ग्राहकांना दिला तरी प्रत्येक प्रतीमागे कंपनीला काही मिळत नसे; तिच्याच एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस-प्रणालीचे परवाने मात्र विकले जात. दुसरे तांत्रिक : फॉक्सप्रोचा गाभा ३२-बिट, म्हणजे ६४-बिट संगणकांच्या आधीच्या पिढीचा होता, एका डीबीएफ (नोंदी साठवणाऱ्या) फाइलची मर्यादा २ जीबी होती, आणि हे बदलायचे तर गाभाच नव्याने लिहावा लागला असता. पहिले कारण अधिक सांगितले जाते. दुसरे अधिक पटते, कारण गाभा नव्याने लिहिण्याचा खर्च नसता तर जुने साधन चालू ठेवणे कंपनीला फारसे जड गेले नसते. व्हिज्युअल बेसिक ६ (१९९८) च्या बाबतीत कंपनीने डॉटनेट हा नवा पाया घेतला व जुना कोड त्यावर जसाच्या तसा चालेना. त्याचे विस्तारित पाठबळ एप्रिल २००८ मध्ये संपले. त्यातले तयार प्रोग्रॅम विंडोजवर अजून चालतात.

मोंढ्यातील आडत दुकानात शेतकऱ्याच्या मालाची पट्टी काढणारा डॉस या विंडोजपूर्व प्रणालीवरील प्रोग्रॅम २००७ च्या घोषणेने थांबला नाही. वजन, भाव, हमाली, तोलाई वजा जाता निव्वळ रक्कम, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कर्कश आवाजात निघणारा कागद, एवढेच त्याचे काम. तो थांबला जुना संगणक बिघडून ६४-बिट विंडोजचा नवा आला तेव्हा, कारण तेथे १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. डॉसबॉक्ससारख्या अनुकरण-प्रणालीवर असे प्रोग्रॅम चालतात. छपाईचे तेवढे जमवून घ्यावे लागते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर जिनिंग व व्यापारी पेढ्यांना बिलाचा साचाही बदलावा लागला.

लिपीचा प्रश्न याहून किचकट आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोत युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) कधीच पूर्णपणे आले नाही. मराठी नावे खासगी फाँटच्या सांकेतिकीत साठवली जात, आणि ही सांकेतिकी अक्षरांची नव्हे तर आकृत्यांची असे. ‘हिंगोली’ लिहिताना पहिली वेलांटी ‘ह’च्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. ‘धर्माबाद’मधील रफाराचे उलट : फाँटमध्ये तो ‘म’नंतर, युनिकोडमध्ये ‘र’ म्हणून त्याआधी. त्यामुळे गावांची यादी अकारविल्हे लावली तर हिंगोली व किनवट दोन्ही वेलांटीच्या चिन्हाखाली एकत्र येत. जुन्या खतावण्या नव्या प्रणालीत नेताना केवळ चिन्हामागे चिन्ह बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो.

महाविद्यालयांत बोरलँडचे टर्बो सी (१९८७) व टर्बो सी++ (१९९०) हे कंपायलर असेच रेंगाळले. निळा पडदा व ‘कॉनिओ’ ही हेडर फाइल संगणकशास्त्राच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. बोरलँडने आपली विकाससाधने २००८ मध्ये एम्बारकाडेरोला विकली.

क्लिपरची भाषा ‘हार्बर’ या मुक्त-स्रोत कंपायलरमध्ये टिकून आहे व जुने प्रोग्रॅम त्यात पुन्हा बांधता येतात. त्यासाठी मूळ सोर्स (प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर) हाताशी लागतो. दुकानदाराकडे बहुधा फक्त एक्झी (तयार, चालवण्याजोगी) फाइल असते. सोर्स ती लिहून देणाऱ्याकडेच राहिलेला असतो.