हायड्रॉलिक ब्रेकची नळी घरी आखूड करताना

सायकलच्या नवीन हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकसोबत येणारी तेलाची नळी गरजेपेक्षा लांब असते. सायकल लहान असो वा मोठी, एकच नळी सगळ्यांना पुरावी म्हणून ती तशी देतात. हँडलपुढे लोंबणारा तो फास झाडाझुडपात अडकतो, फ्रेमवर घासून रंग घालवतो आणि खडखडतो. नळी आखूड केल्याने ब्रेक जास्त जोरात लागेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. ताकदीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. नळी नीट बसलेली असेल आणि कुठे अडकत नसेल, तर ती कापण्याची घाई नको, असं आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

कापायचं ठरलंच, तर सगळ्यात जास्त वेळ मापावर घालवा. हँडल किंवा स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) बदलायचं मनात असेल तर ते आधी बदला, लिव्हर तुम्हाला हव्या त्या जागी आणि कोनात बसवा, मगच नळी मोजा. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहा. नळीला ताण येता कामा नये आणि तीव्र वाकही पडता कामा नये. मागे सस्पेन्शन असेल तर शॉकमधली हवा काढून ते पूर्ण दाबून पाहा, कारण काही फ्रेममध्ये त्या स्थितीत नळी ओढली जाते. खूण केल्यावर आमचा सल्ला एवढाच, की खुणेच्या पुढे दोन सेंटिमीटर जास्त ठेवून कापा. लांब राहिलेली नळी पुन्हा कापता येते. तोकडी पडली तर पूर्ण नवीन नळी टाकावी लागते.

सुटे भाग आधी हातात हवेत. नळीच्या टोकावर पितळी कडं असतं, त्याला ऑलिव्ह म्हणतात. नट आवळला की ते नळीवर दाबलं जातं आणि तेल अडवतं. नळीच्या आत बारीक धातूची नळकांडी असते, ती म्हणजे इन्सर्ट. ऑलिव्हच्या दाबाने नळी आत चेपू नये म्हणून ती असते. एकदा दबलेलं ऑलिव्ह दुसऱ्या जागी भरवशाने बसत नाही, त्यामुळे दोन्ही नवीन घ्या. इन्सर्ट नळीच्या आतल्या व्यासाप्रमाणे वेगळी असते: शिमानोच्या बीएच५९ आणि बीएच९० या नळ्या बाहेरून सारख्याच दिसतात, पण त्यांच्या इन्सर्ट वेगळ्या आहेत. नळीवर छापलेलं नाव वाचूनच मागणी नोंदवा. स्रॅमच्या अनेक ब्रेकमध्ये इन्सर्ट ठोकायची नसते, ती टी८ टॉर्क्सने (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाच्या पान्याने) फिरवून बसवतात.

आता प्रत्यक्ष काम. चाक काढा, ब्रेक पॅडही काढून बाजूला ठेवा आणि कॅलिपरमधल्या, म्हणजे चाकाजवळ पॅड धरणाऱ्या भागातल्या, पिस्टनच्या मध्ये ब्लीड ब्लॉक (पिस्टन बाहेर येऊ न देणारा ठोकळा) घाला. पॅडला तेल लागलं की ते शोषलं जातं आणि ते पॅड बहुतेक वेळा टाकूनच द्यावे लागतात. सायकल अशी उभी करा की लिव्हर कॅलिपरपेक्षा वर राहील. लिव्हरजवळचा नट सोडवा, नळी ओढून काढा. इथून पुढे नळी परत जोडेपर्यंत लिव्हर अजिबात दाबू नका, आणि घरात लहान मुलं असतील तर तीही दाबणार नाहीत हे पाहा.

नळी होज कटरनेच कापा, कात्रीने किंवा पकडीने नाही. काप अगदी काटकोनात आला पाहिजे; तिरका असेल तर इन्सर्ट नीट टेकत नाही आणि तिथूनच गळती सुरू होते. कापल्यावर टोक वर धरा म्हणजे तेल आतच राहतं. मग आधी रबरी टोपण, नंतर नट, त्यानंतर ऑलिव्ह नळीवर चढवा आणि शेवटी इन्सर्ट पूर्ण आत बसवा. ठोकायची इन्सर्ट असेल तर नळी तिच्यासाठीच्या खाचेच्या ठोकळ्यात पकडून ठोका. नट चढवायचा राहून इन्सर्ट ठोकली गेली, की ते टोक पुन्हा कापावं लागतं. अशी नळी घेऊन येणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात, आणि ते जास्तीचे दोन सेंटिमीटर तेव्हाच कामी येतात.

टोकाशी तेलाची पातळी खाली गेलेली दिसली तर त्याच प्रकारच्या तेलाचा एक थेंब सोडा. शिमानो आणि मगुरा मिनरल ऑइल वापरतात. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असतं. ही दोन्ही कधीही एकमेकांच्या जागी वापरू नका, आतली रबरी सील खराब होतात. डॉट रंगही खातं, सांडलं तर लगेच धुवा.

नळी लिव्हरमध्ये शेवटपर्यंत दाबून धरा आणि तशीच धरून नट आवळा. शिमानोसाठी ८ मिलिमीटरचा पाना आणि ५ ते ७ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर). इतर कंपन्यांचे आकडे त्यांच्या पुस्तिकेत पाहा.

सगळं तेल पुसा, पॅड आणि चाक बसवा. लिव्हर जोरात दाबून थोडा वेळ धरून ठेवा आणि नटाभोवती कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर सायकल चालवू नका. लिव्हर स्पंजसारखी मऊ लागली तर आत हवा गेली आहे. ब्लीड करा, म्हणजे ती हवा बाहेर काढा, किंवा आमच्याकडे घेऊन या. सगळं ठीक वाटलं तरी सायकल एक रात्र उभी ठेवून सकाळी तीच तपासणी पुन्हा करा. बारीक गळती कधी कधी तेव्हाच दिसते.